आज्ञा, दादासाहेब?

पत्र वाचून संपले होते, तरी ग्रंथपालबाईंनी ते खाली ठेवले नाही. टेबलाच्या अलीकडे सहायक ग्रंथपाल उभे होते आणि समोरच्या भिंतीवरचे घड्याळ पाहत होते. वाचनालयातल्या शांततेला एरवी टाचणीसारखे टोचत राहणारे ते घड्याळही आता काटा पुढे टाकावा की नाही या विचारात पडल्यासारखे वाटत होते. बाहेर वाचनकक्षात कोणीतरी पान उलटले. त्या आवाजाने दोघेही दचकले, आणि दोघांनीही दचकलो नसल्याचा चेहरा केला.

"शुक्रवारी अकरा वाजता," शेवटी बाई म्हणाल्या, "संचालक येतायत."

"येऊ देत."

"सोबत दादासाहेब आहेत."

सहायक ग्रंथपाल पुन्हा घड्याळाकडे पाहू लागले.

त्यांना सगळे बारीकराव म्हणत. हे नाव अंगकाठीवरून पडले असावे असे नव्या वाचकांना वाटे आणि मग प्रत्यक्ष भेटीत ते गोंधळून जात, कारण बारीकराव चांगले भरल्या अंगाचे होते. नाव पडले होते ते अक्षरावरून. पुस्तकाच्या एका कार्डावर ते लेखक, शीर्षक, आवृत्ती, पृष्ठसंख्या आणि जागा उरलीच तर पुस्तकाविषयीचे आपले खाजगी मतही बसवीत. वाचनालयातल्या असंख्य खणांत अशी हजारो मते अंधारात पडून होती. त्यांतले एकही अजून कोणी वाचले नव्हते, आणि या गोष्टीचे त्यांना एक मंद, जपून ठेवलेले दुःख होते.

दादासाहेब म्हणजे आधीचे सहायक ग्रंथपाल. तीन वर्षांपूर्वी बढती घेऊन, हाताखाली वर्षानुवर्षे कार्डे लिहिणाऱ्या बारीकरावांकडे जागा सोपवून, ते मुख्य कार्यालयात गेले. जाताना खुर्ची सोडून गेले, खुर्चीवरची उशी सोडून गेले, वाचनकक्षाच्या कोपऱ्यातला संगणकही सोडून गेले. स्वतःचे नाव तेवढे बरोबर न्यायचे राहून गेले. त्या संगणकाच्या पडद्यावर टर्मिनल नावाची एक काळी खिडकी असे. तिच्यात आज्ञा लिहायची, आत बसलेला शेल नावाचा प्रोग्रॅम ती वाचणार आणि मुकाट्याने पाळणार, असा व्यवहार. मात्र प्रत्येक आज्ञेआधी, प्रत्येक नव्या ओळीच्या कपाळावर, दादासाहेबांनी आपल्या काळात एक प्रश्न कोरून ठेवला होता: "आज्ञा, दादासाहेब?"

तीन वर्षे बारीकराव या प्रश्नाला उत्तर देत आले होते. सकाळी साडेदहाला यंत्र विचारी, "आज्ञा, दादासाहेब?" आणि बारीकराव आज्ञा देत. पहिल्या वर्षी त्यांना ते गमतीचे वाटले. दुसऱ्या वर्षी सवयीचे झाले. तिसऱ्या वर्षी आपण दुसऱ्याच्या सावलीत बसून आपली सावली शोधतो आहोत, असे त्यांच्या मनात येऊ लागले. आता तर प्रकरण अब्रूवर आले होते.

कारण त्या खिडकीच्या पोटात गेले नऊ दिवस एक काम चालू होते. एक लाख ब्याऐंशी हजार कार्डे नव्या नोंदवहीशी ताडून, एकच पुस्तक दोनदा कुठे नोंदले गेले ते शोधण्याचे. हा प्रोग्रॅम बारीकरावांनी स्वतः लिहिला होता. जेवणाच्या टेबलावर बसून, दोन वर्षे, कोणाला न सांगता. पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याविषयी काही ठाऊक असतेच असे नाही, तसे त्यांचे ज्ञान होते: जेवढे लागले तेवढेच आलेले. यंत्र म्हातारे, काम अवाढव्य. हिशेबाप्रमाणे शुक्रवारी साडेअकराच्या सुमारास ते पुरे होणार होते. वर रोजच्या आज्ञा चालत, पण तोवर ती खिडकी बंद होता कामा नये. खिडकी मिटली की पोटातले काम मिटले, आणि पुन्हा पहिल्या कार्डापासून तेरा दिवस. दुसरी खिडकी उघडावी म्हटले तर त्या यंत्रात तीही सोय नव्हती. एका वेळी एकच खिडकी उघडावी, दुसरी उघडताच पहिलीने मिटावे, अशी व्यवस्था दादासाहेबांनी शिस्तीच्या नावाखाली करून ठेवली होती.

"शुक्रवारी भिंतीवर मोठा पडदा लावायचा," बाई म्हणाल्या. "संचालकांना तुमचं काम सगळ्यांसमोर दाखवायचं."

बारीकरावांच्या डोळ्यांपुढे तो पांढरा पडदा उभा राहिला. त्यावर हातभर उंचीची अक्षरे. आणि पडद्याशेजारी नम्रपणे हसत उभे असलेले दादासाहेब.

"बाई," ते म्हणाले, "एक छोटासा बदल करावा म्हणतो."

हे वाक्य त्यांनी उच्चारले नसते तर पुढचा आठवडा इतर आठवड्यांसारखाच निघून गेला असता.

बदल खरोखर छोटा होता. दादासाहेबांच्या जुन्या वहीत सेटिंग्जच्या फाइलचे नाव होते. सोमवारी दुपारी बारीकरावांनी ती उघडली, आपल्याच घरात चोरपावलांनी फिरावे तसे तिच्यात फिरले, आणि शेवटच्या ओळीखाली नवी ओळ लिहिली, की यापुढे "आज्ञा, बारीकराव?" असे विचारावे. फाइल जतन केली. एन्टर दाबले.

"आज्ञा, दादासाहेब?" यंत्राने विचारले.

आपले शब्द फार उद्धट पडले असावेत, असे त्यांना वाटले. त्यांनी खाली आणखी एक ओळ घातली: "सांगावे, बारीकराव." यंत्राने त्या विनयालाही भीक घातली नाही.

संध्याकाळी मेहुणा घरी आला होता. मेहुणा कॉम्प्युटरमध्ये होता, म्हणजे कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात होता, आणि घरात या विषयावर त्याचा शब्द अखेरचा असे.

"सोप्पं आहे, भाऊजी," तो म्हणाला. "बंद करून चालू करा."

"बंद करता येत नाही."

"का?"

"आत काम चालू आहे."

"मग काम थांबवा, बंद करा, चालू करा."

"थांबवता येत नाही म्हणून तर तुला विचारतोय."

मेहुण्याने थोडा विचार केला. "मग असं करा. त्या फाइलमध्ये एक ‘नमस्कार’ लिहून बघा. नुसतं नमस्कार छापायला सांगा. छापलं, तर फाइल जिवंत आहे. नाही छापलं तर..."

"तर?"

"तर बंद करून चालू करा."

बारीकरावांची बायको आतल्या खोलीतून हे ऐकत होती. ती म्हणाली, "नावाचं एवढं काय घेऊन बसलात? मी तरी कधी नावाने हाक मारली? सव्वीस वर्षं ‘अहो’वर भागतंय."

"घरात भागतं. पडद्यावर नाही भागत."

"बरं, ते यंत्र सांगितलेलं लक्षात ठेवतं ना? मग त्यात हेही लिहा, निघताना छत्री विसरू नका म्हणून. या वर्षातली ही चौथी. हीसुद्धा हरवलीत तर पाचवी मिळायची नाही, भिजत या."

बायकोची गोष्ट खरी होती. बारीकरावांच्या छत्र्या वाचनालयात येत आणि तिथल्याच होऊन जात. मंगळवारी सकाळी त्यांनी फाइलमध्ये "नमस्कार" लिहिला. यंत्र गप्प. "नमस्कार. ऐकू येते का?" असे लिहिले. यंत्राने ओ की ठो केले नाही. मग, घरी गेल्यावर विचारणा होणार म्हणून, "छत्री विसरू नका" हेही लिहून टाकले. आणि त्या गप्प बसलेल्या काळ्या चौकोनाकडे पाहता पाहता, आपण नेमके कोणाशी बोलतो आहोत याचे भान जरा सुटून, त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: "मी येथे तीन वर्षे काम करत आहे."

न वाचल्या जाणाऱ्या जागी मन मोकळे करण्याची त्यांना कार्डांमुळे जुनी सवय होती. फाइल ही त्यांना हळूहळू एखाद्या मोठ्या कार्डासारखी वाटू लागली.

वास्तविक मंगळवारीच प्रश्न सुटायला हवा होता. या यंत्राची माहितीपुस्तिका खुद्द वाचनालयातच होती. बारीकरावांनी तिचे कार्ड काढले. कार्डावर लाल शिक्का होता: बांधणीस गेले. त्यांनी सुस्कारा सोडून कार्ड जागच्या जागी ठेवले.

इथे बाहेरच्या माणसाला प्रश्न पडेल. बांधणीची खोली त्याच मजल्यावर, बारीकरावांच्या टेबलापासून वीस पावलांवर होती. दार उघडे असे. आत बांधणीवाल्या मावशी दिवसभर पुस्तकांच्या पाठी शिवत बसलेल्या दिसत. परंतु ज्यांची हयात ग्रंथालयात गेली, त्यांना बांधणीस गेलेले पुस्तक हे पुस्तक म्हणून दिसतच नाही. ते नोंदीतून उतरलेले असते. ते परत येईल, वहीत चढेल, त्यावर सही होईल, तेव्हा ते पुन्हा अस्तित्वात येईल. तोवर ते मागणे म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या माणसाला पत्ता विचारण्यासारखे. बारीकरावांच्या मनाला हा विचार शिवलाही नाही. ते दिवसातून सहा वेळा त्या उघड्या दारावरून गेले आणि सहाही वेळा मावशींनी त्यांना मान हलवून ओळख दिली.

बुधवारी सकाळी शेजारचे काका वाचनालयात आले. काका लिफ्ट दुरुस्तीतून निवृत्त झालेले. जगात जे जे अडते ते ते खालीवर केल्याने सुटते, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव. खिशात नेहमीप्रमाणे टेस्टर होता.

"तुमचा मेहुणा जिन्यात भेटला, म्हणाला, अडलंय," काका वाचनकक्षाच्या मानाने बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाले. "बटण कुठलं?"

"काका, हळू. बटणाला हात लावायचा नाही."

"बरं, मग घंटा आहे का याला? लिफ्टला आम्ही आधी घंटा तपासायचो. घंटा वाजली की आत वीज आहे, माणूसही आहे."

हे बारीकरावांना पटले. घंटा वाजवण्याची ओळ त्यांनी फाइलमध्ये घातली. वाजली नाही. काका म्हणाले, पुन्हा घाला, पहिल्यांदा जुनी यंत्रं ऐकत नाहीत. त्यांनी पुन्हा घातली. चौथ्यांदाही वाजली नाही तेव्हा काका म्हणाले, "आता माझं ऐका," आणि त्यांचा हात शांतपणे, सरावाने, भिंतीवरच्या स्विचकडे निघाला.

पुढे जे घडले त्याची नोंद ग्रंथपालबाईंनी ‘वाचनकक्षात झटापट’ या शीर्षकाखाली केली. बारीकरावांनी काकांचे मनगट धरले. काकांनी टेस्टर दुसऱ्या हातात घेतला. खुर्ची आडवी झाली. एकही शब्द मोठ्याने न बोलता, भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीखाली, दोन प्रौढ गृहस्थ काही काळ एकमेकांत अडकून उभे राहिले, आणि अकरा वाचकांनी वर्तमानपत्रांच्या वरून ते दृश्य पाहिले.

"तुमच्याच भल्यासाठी आलो होतो," काका शर्ट सारखा करत म्हणाले.

"मला माहीत आहे, काका."

"आमच्या लिफ्टमध्ये माणसं अडकलेली असायची तरी आम्ही बंद करायचो."

काका गेले. बाई आल्या. खाली पडलेली खुर्ची त्यांनी पाहिली.

"बारीकराव, तुम्ही रीतसर अर्ज का करत नाही?"

रीतसर अर्ज संगणक विभागात करायचा. तो विभाग रस्त्यापलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एका जाळीमागे होता. जाळीमागच्या कारकुनाने अर्जाच्या तिन्ही प्रती एकमेकांशी ताडून पाहिल्या, जणू बारीकरावांनी एका प्रतीत एक आणि दुसरीत दुसरेच मागितले असेल.

"बदल कशात हवाय?"

"हाक मारण्यात."

"कोण हाक मारतं?"

"यंत्र."

"कोणाला?"

"दादासाहेबांना."

"मग त्यांची तक्रार आहे का?"

"नाही. तक्रार माझी आहे."

"तुम्हाला हाक मारतं का?"

"नाही, तेच तर."

कारकुनाने एक जाड रजिस्टर उघडले. "हे यंत्र दादासाहेबांच्या नावावर आहे," तो म्हणाला. "म्हणजे अर्जदार दादासाहेब. तुम्ही फक्त अर्ज आणून दिला असं दाखवतो. इथे सही करा, ‘आणून देणार’ म्हणून."

बारीकरावांनी आपल्या तक्रारीखाली आणून देणार म्हणून सही केली. इतकी बारीक, की कारकुनाने विचारले, सही राहिली वाटतं. परत येताना पाऊस नव्हता, ऊनही नव्हते. आकाश एखाद्या कोऱ्या कार्डासारखे पसरलेले होते आणि त्यावर कोणाचेही नाव नव्हते. जिना ते दोन-दोन पायऱ्यांनी चढले. टेबलाशी येताच त्यांनी फाइल उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या मनाने, मोकळ्या हाताने, एक अख्खी ओळ लिहिली: "दादासाहेबांनी येथे बारा वर्षांत एकही कार्ड स्वतःच्या हाताने लिहिलेले नाही."

यंत्र गप्प राहिले. या वेळी मात्र ते समजूतदारपणे गप्प आहे असे त्यांना वाटले.

गुरुवारी चार वाजता संगणक विभागाचे उत्तर आले. पाकिटावर दादासाहेबांचे नाव होते, खाली ‘मार्फत, आणून देणार’. आत दोन ओळी: आपल्या विनंतीवरून कळविण्यात येते की, खिडकी बंद करून पुन्हा उघडावी. त्याखाली लहान अक्षरात: प्रत, मूळ अर्जदारास, मुख्य कार्यालय.

बारीकरावांनी ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. म्हणजे आपला अर्ज, ‘यंत्राने मला माझ्या नावाने संबोधावे’ या कारणासकट, या घटकेला दादासाहेबांच्या टेबलावर पडलेला असणार.

ते यंत्रापुढे जाऊन बसले. यंत्राच्या आत मोजणी चालू होती. एक लाख एकाहत्तर हजारावे कार्ड, एक लाख एकाहत्तर हजार एकावे. मग एखाद्या माणसाने आपण मांडलेला डाव आपणच आवरून ठेवावा तसे त्यांनी फाइल उघडली आणि सगळ्यांत खाली, अगदी तळाशी, जुनी ओळ जशीच्या तशी पुन्हा लिहिली: "आज्ञा, दादासाहेब?" एकाखाली एक अशा ओळी असल्या की तळाची चालते, एवढे त्यांना ठाऊक होते. चुकून कधी या फाइलला जाग आलीच, तर दादासाहेबच राहतील. कोणाला काही कळायला नको. वरच्या ओळी पुसायचे मात्र त्यांच्याने झाले नाही. आपण लिहिलेले पुसण्याची त्यांना सवय नव्हती.

"काय झालं?" घरी बायकोने विचारले.

"काही नाही. राहू दे त्याचंच नाव."

बायकोने पान वाढायला घेतले. मग ती म्हणाली, "काम तर तुमचं आहे ना? मग उद्या नीट इस्त्रीचा शर्ट घाला. आणि छत्री."

शुक्रवार उजाडला. दहा वाजता भिंतीवर पांढरा पडदा चढला आणि त्यावर काळी खिडकी अवतरली. हातभर अक्षरांत प्रश्न चमकू लागला. बारीकरावांनी कोपऱ्यात छत्री टेकवून ठेवली आणि पडद्याकडे पाठ करून बसले.

साडेदहाला बांधणीवाल्या मावशी तीन पुस्तके घेऊन आल्या. सगळ्यांत वर माहितीपुस्तिका होती. नवी पाठ, नवे कापड, डिंकाचा ओला वास.

"चढवा वहीत," त्या म्हणाल्या. "बाकी काय हो बारीकराव, आठवडाभर या कॉम्प्युटरशी भांडताय म्हणे?"

"ऐकत नाही, मावशी. रोज लिहितो. काही म्हणजे काही परिणाम नाही."

"तुम्ही लिहिलंत. पण त्याने वाचलं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही लिहून ठेवलंत आणि ते फडताळात राहिलं, असं तर नाही? इथे आयुष्य गेलं तुमचं. लिहिलं की वाचलं जातं, असं कुठे असतं?"

बारीकरावांनी त्यांच्याकडे पाहिले. हजारो कार्डे त्यांच्या मनात एकदम सळसळली. त्यांनी पुस्तिका आधी वहीत चढवली, तारीख घातली, मावशींची सही घेतली, स्वतःची केली, आणि मगच उघडली. सूची पाहिली. पान सापडले. त्यावर सरळ लिहिले होते की सेटिंग्जची फाइल शेल सुरू होताना एकदाच वाचतो; नंतर केलेले बदल त्याला आपोआप कळत नाहीत; ते कळावेत म्हणून खिडकी बंद करण्याची मुळीच गरज नाही. सोर्स हा शब्द लिहून पुढे फाइलचे नाव द्यावे, म्हणजे तो फाइल तिथल्या तिथे पुन्हा वाचतो.

"एवढंच?" ते म्हणाले.

"सोमवारपासून माझ्या टेबलावर होतं ते," मावशी म्हणाल्या. "मागितलं असतंत तर दिलं असतं."

"बांधणीत होतं, मावशी."

"हो, तेही खरंच," मावशी म्हणाल्या, कारण त्याही त्याच वाचनालयात वाढल्या होत्या.

फाइल उघडून नीट साफसूफ करायला, तळाची ती ओळ काढून टाकायला पाच मिनिटे पुरली असती. पण तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज झाला. पाहुणे लवकर आले होते.

संचालक उंच, अबोल गृहस्थ होते. त्यांच्या मागून दादासाहेब आले. तीन वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर मुख्य कार्यालयाची एक तुकतुकी आली होती. चहा झाला. बाईंचे स्वागताचे चार शब्द झाले. वाचनकक्षातले वाचकही खुर्च्या वळवून पडद्याकडे तोंड करून बसले. अकरा वाजून वीस मिनिटे झाली.

दादासाहेबांनी पडदा पाहिला आणि ते गहिवरले. "अजून आहे का हे," ते संचालकांना म्हणाले. "ही सगळी मांडणी माझी, साहेब. यांनी पुढे चालवली, कौतुक आहे." मग बारीकरावांच्या खांद्यावर हात ठेवून, हलक्या पण सर्वांना ऐकू येईल अशा आवाजात: "तुमचा अर्ज मिळाला मला. अहो, एवढ्यासाठी अर्ज करतात? बंद करून उघडायचं. सरका, मी करून देतो."

त्यांनी बारीकरावांना अलगद बाजूला केले, खुर्चीत आपल्या जुन्या उशीवर ऐसपैस बसले, आणि त्यांचा हात माउसवर गेला. भिंतीवरच्या पडद्यावर बाणाचे टोक सरकू लागले. खिडकीच्या वरच्या कोपऱ्याकडे, तिथल्या छोट्या फुलीकडे.

"थांबा," बारीकराव म्हणाले. तीन वर्षांत त्या खोलीत कोणी इतक्या मोठ्याने बोलले नव्हते. "बंद करायची गरज नाही." आणि दादासाहेबांच्या कोपराखालून हात घालून त्यांनी एका दमात तो शब्द लिहिला, फाइलचे नाव लिहिले आणि एन्टर दाबले.

शेलने पुन्हा वाचायला सुरुवात केली. चार दिवसांचे लिखाण, एका श्वासात.

"नमस्कार," पडद्यावर उमटले.

"नमस्कार," संचालक अभावितपणे म्हणाले.

"नमस्कार. ऐकू येते का?"

"छत्री विसरू नका."

"मी येथे तीन वर्षे काम करत आहे."

मग घंटा वाजली. चार वेळा, खणखणीत, त्या शांत खोलीच्या उरात. वाचनालयात असा आवाज बांधकामानंतर प्रथमच होत असावा. पाठीमागे एका वाचकाच्या हातातून वर्तमानपत्र गळले. आणि घंटेचा शेवटचा कंप विरतो न विरतो तोच पुढची ओळ आली. संचालकांनी ती चष्मा सावरून, प्रत्येक शब्दावर थांबत, मोठ्याने वाचली.

"दादासाहेबांनी येथे बारा वर्षांत एकही कार्ड स्वतःच्या हाताने लिहिलेले नाही."

बारीकरावांनी डोळे मिटून घेतले. आपले काहीतरी अखेर वाचले गेले होते, आणि वाचले जाणे हे इतके भयंकर असते याची त्यांना कल्पना नव्हती.

"काम क्रमांक एक: पूर्ण," बाई हळूच म्हणाल्या. बारीकरावांनी डोळे उघडले. पडद्यावर खरोखरच तसे उमटले होते. तेरा दिवसांची मोजणी संपली होती. एक लाख ब्याऐंशी हजार कार्डे, सगळी, शेवटच्या एका कार्डापर्यंत. आणि त्याखाली, नव्या ओळीच्या कपाळावर, गुरुवारी संध्याकाळी त्यांनीच तळाशी ठेवलेला प्रश्न निष्ठेने उभा होता:

"आज्ञा, दादासाहेब?"

प्रश्नापुढचा छोटा चौकोन लुकलुकत होता. कोणाची तरी वाट पाहत.

"तुम्हालाच विचारतंय," संचालक म्हणाले. त्यांच्या आवाजात उपरोध नव्हता, निव्वळ कुतूहल होते. "द्या आज्ञा. दुबार पुस्तकं किती निघाली, ते बघू."

दादासाहेबांची दहाही बोटे कीबोर्डवर अधांतरी थांबली. एक बोट खाली आले, पुन्हा वर गेले.

"माझ्या वेळी जरा वेगळं होतं," ते म्हणाले.

"यंत्र तेच आहे," बाई म्हणाल्या.

"मांडणीही तुमचीच, म्हणालात ना?" संचालकांनी विचारले.

दारात मावशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, बोटांवर वाळलेला डिंक खरवडत. बारीकरावांना वाटले होते की हा क्षण आला की आपल्याला फार बरे वाटेल. वाटत होतेही. पण त्यांना दादासाहेबांच्या कानाची पाळी दिसत होती, आणि ती लालबुंद झाली होती. दुसऱ्याच्या नावाला आलेल्या प्रश्नापुढे रोज सकाळी बसणे काय असते हे त्यांना ठाऊक होते. स्वतःच्या नावाला आलेल्या प्रश्नापुढे असे बसणे त्याहून कठीण असावे. ते थोडे वाकले.

"दादासाहेब," ते आपल्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाले, "मी सांगू का? दोनच शब्द आहेत. लिहा तुम्हीच."

दादासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. मग पडद्याकडे, वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ. ते उठले. खुर्ची टेबलाशी नीट सरकवली. पडद्यावरच्या इतक्या ओळींपैकी एकीचे तेवढे त्यांनी ऐकले: कोपऱ्यात टेकवलेली छत्री उचलली, काखेत मारली, आणि मावशींना वळसा घालून, जिन्याने खाली निघून गेले.

छत्री बारीकरावांची होती.